डब्ब्याले टॉवेल काऊन गुंडाळला?

...अन् वरून मलेच म्हणते, "बाई, दोष डब्ब्याचा नाई, दोष तुमच्या कानाचा हाये!" मले! वच्छलाले! चाळीस वर्षं झाली ह्या वडशात बसून दुनियेच्या भोंग्यायचे गळे दुरुस्त करून राह्यली मी, नाटकवाल्यायचे ऑर्गन जुळवले, माईक जुळवले, अन् हा बल्लारपूरचा प्रफुल्ल, ज्याले गिटारीची वायर डब्ब्यात कुठी खुपसाची हे मी दाखवलं, तो माह्या दुकानात, माह्या स्टुलावर बसून, माहाच चहा पिऊन मले म्हणते का माहे कान गेले! मी हातातला पेचकस खाली ठेवला. म्हणलं, "पुन्हा म्हण." मले वाटलं आता तरी लाजंन. तं पुन्हा म्हणलं ना त्यानं! वरून बोट कानाले लावून दाखवलं, मी काही लहान लेकरू हाये का खुणेनं समजवाले? तुम्हाले सांगते, अन् सगळ्यायच्या देखत सांगते, माह्या कानाले काही झालं नाई.

आता तुम्ही म्हणाल, बाई, झालं तरी काय? तं आयका. दिवाळी झाली का इथल्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, हे तं तुम्हाले मालूम हाये. कंपनीत ऑर्गन असते, तबला असते, अन् आता दोन-चार कंपन्यायत गिटारवाला पण असते. ह्या गिटारवाल्यायपाशी एकेक डब्बा असते. डब्बा म्हणजे रियाजाचा ॲम्प्लिफायर हो, तेलाच्या पिप्याएवढा, समोर जाळी, आत आठ इंची एक स्पीकर, वर चार बटनं. नवा कोण घेते? नागपूरच्या जुन्या बाजारातून आणतात, कोणाचा पंधरा वर्षाचा, कोणाचा वीस. अन् एक गोष्ट मी पाह्यली, बनवणाऱ्यानं त्यात सारं बरं टाकलं असते, ट्रान्सफॉर्मर बरा, बटनं बरी, पेटी मजबूत... अन् स्पीकर टाकाची वेळ आली का त्याचा हात आखडते! चुंबक पाहा तं बिस्कुटाएवढा. कागद पाहा तं दमट हवेतला पापड. गिटार छेडली का वाटते कोणी टिनात चणे हालवून राह्यला. आता गिटारवाल्यानं चार महिने खोलीत बसून असलाच आवाज आयकला, तं त्याचा हात कसा तयार होईन? चण्यावरच तयार होईन ना?

म्हणून मी काय करते, जुना स्पीकर काढते, चांगला नवा लावते. म्हणाले सोपं हाये, चार पेच खोला, दोन वायरी सोडा, दोन जोडा. पण लोकं काय करतात मालूम हाये का? हा भद्रावतीचा चैतू, तिकडे कॉलनीच्या ऑर्केस्ट्रात वाजवते, त्यानं घरीच डोस्कं चालवलं. मोटारगाडीतला स्पीकर काढला, रबराच्या काठाचा, अन् ठोकला डब्ब्यात. मंग आला रडत, "बाई, गिटार गादीखालून बोलून राह्यली." बोलनच ना भैताडा! गाडीतला स्पीकर दुसऱ्याचं गाणं आयकवाले केला असते. गिटारीचा स्पीकर गिटारीसोबत स्वतः गाते, त्याचा कागद म्हणजे तिचा अर्धा गळा होय. अन् ओम? ओम कोणी पाहात नाई! ओम म्हणजे स्पीकर डब्ब्याले किती अडवते ते. चार ओमच्या डब्ब्याले आठ ओमचा लावला तं आवाज खाली बसते, आठच्याले चारचा लावला तं डब्बा तापते, मंग जळते, मंग ते येतात माह्यापाशी वास घेऊन. अन् मोठ्या चुंबकाचा स्पीकर आत ट्रान्सफॉर्मरले जाऊन भिडते, तं मी सागवानाची रिंग कापून मधात टाकते, स्पीकर बोटभर समोर येते. सागवानाची! नागपूरचा मिस्त्री प्लायवूड टाकते, तेही उरलेलं.

हे मले कोणी शिकवलं? कोणीच नाई. चौथीतून शाळा सुटली माही. एका कंपनीनं जळलेला भोंग्याचा ॲम्प्लिफायर आमच्या आंगणात टाकून देल्ला होता, मी उघडला, असा झटका बसला का तीन दिवस बोटं सुन्न. चौथ्या दिवशी पुन्हा उघडला. बस. नवरा म्हणे, "बाईच्या जातीनं करंटात हात घालू नये." मी म्हणलं, करंट जात पाहात नाई, घरात पाहणारे एकटे तुम्हीच. मंग त्यानंच दुकानाची पाटी रंगवून देल्ली. तं अशी मी. अन् माहे कान गेले म्हणे!

तं यंदा मी नऊ डब्ब्यायचे स्पीकर बदलले. नऊ! सारे एका जातीचे, ताठ कागद, बशीएवढा चुंबक, मी स्वतः निवडलेले. त्यात प्रफुल्लचा डब्बा सातवा. महिनाभरापहिले घेऊन गेला, पाया पडून गेला. अन् काल सकाळी, तालमीले जाच्या वक्ती, गिटार पाठीवर, डब्बा छातीशी धरून हा दारात उभा.

"बाई, हा स्पीकर काढून द्या. माहा जुना लावून द्या."

मी म्हणलं, "फाटला का?"

"नाई."

"भरभरते का?"

"नाई बाई. टोचते."

"काय टोचते? काटा हाये का त्याले?"

"आवाज टोचते. तार छेडली का कानात दाभण गेल्यासारखं होते."

म्हणलं, तुहं बारीक आवाजाचं बटन, ते ट्रेबलचं, वर असंन, खाली कर. तं म्हणे, "शून्यावर हाये बाई. तरी टोचते." म्हणलं, गिटारीवरचंही तेच बटन कमी कर. तं म्हणे, "थेही शून्यावर हाये. आता मीच शून्यावर जाचा बाकी हावो." असा बोलला! अन् मंग त्याचं तोंड उतरलं. तिसाच्या वरचा माणूस, दोन लेकरायचा बाप, खालचा ओठ दाताखाली धरून म्हणे, "कंपनीचे धनराज मास्तर काल सगळ्यायसमोर म्हणाले, गिटार यंदा राहू दे, मी ऑर्गनवरच भागवून घेतो. नायिकेचं गाणं सुरू झालं का तुही गिटार तिच्या गळ्यावरून सुरी फिरवल्यासारखी फिरते. बाई, माही जागा गेली तं ह्या स्पीकरमुळं गेली."

आता हे मी आयकून घ्यावं? माह्या हातच्या कामानं पोट्ट्याची जागा जाते म्हणजे काय? मी म्हणलं, जाय, मास्तरले सांग, त्याचा ऑर्गन लय वर्षापासून घशातून बोलून राह्यला, त्याले साफ आवाजाची सवयच नाई राह्यली. चांगला स्पीकर लावला का सारं स्पष्ट आयकू येते, चुका पण आयकू येतात, तेच टोचत असंन तुम्हा लोकायले! बरोबर बोलली का नाई मी? तुम्हीच सांगा!

तं हा मान हालवते. "चुका नाई बाई. चुका मले ओळखू येतात." मंग हळूच म्हणे, "बाई, तुम्हाले खरंच टोचत नाई का?" म्हणलं, नाई. म्हणे, "काहीच नाई?" म्हणलं, अरे लोण्यासारखा आवाज हाये, लोण्यासारखा! अन् तवा त्यानं ते वाक्य काढलं. दोष डब्ब्याचा नाई म्हणे...

माह्या कानाले काही झालं नाई!

माहं रक्त असं तापलं का सोल्डरची तापलेली सळई गार वाटावी. म्हणलं थांब, तुले दाखवते. अन् मी कोंड्याचा डब्बा काढला. आता हा कोंडा काय ते सांगते, हे काम सगळ्या जिल्ह्यात माह्याशिवाय कोणी करत नाई. डब्बा उताणा टाकाचा, जाळी काढाची, स्पीकरच्या कागदावर चिमूटभर धानाचा कोंडा पेराचा, अन् म्हणाचं, वाजव. स्पीकर चांगला असंन तं कोंडा गोल रिंगण धरून नाचते, सगळीकडून सारखा. कागद कुठी चिरला असंन, आतली तारेची गुंडाळी कुठी घासत असंन, तं कोंडा त्या बाजूनं लंगडते. डोळ्यानं दिसते! लोकं पाहाले येतात हो, लेकरं येतात, एकदा एक गोंडपिपरीचा शाळामास्तर येऊन मोबाईलमधी व्हिडिओ काढून घेऊन गेला. तं मी कोंडा पेरला, म्हणलं, वाजव. त्यानं वाजवली. कोंडा असा नाचला, असा नाचला, जशी दंडारीतली पोरं! मी म्हणलं, "पाहा! डोळे हायेत का तुले? कुठी लंगडते? दाखव!"

अन् हा माह्या तोंडाकडे पाहून म्हणते, "बाई, तुम्ही डोळ्यानं काऊन आयकून राह्यल्या?"

डोळ्यानं काऊन आयकून राह्यल्या म्हणे... मी त्याले काही बोलणारच होती, लय चांगलं तोंडावर आलं होतं, तेवढ्यात दारात धनराज मास्तर! प्रफुल्ल रुसून कुठी गेला म्हणून शोधत आले होते, तालमीची वेळ झाली होती. हा मास्तर म्हणजे ऑर्गनवर बसला का वाघ अन् माह्या दुकानात आला का ससा. मी म्हणलं, बरं झालं आले. या. बसा. मास्तर, खरं सांगा, ह्या डब्ब्याचा आवाज टोचते का?

तं मास्तर टोपी काढून हातात फिरवाले लागले. "वच्छलाबाई... तसं काही नाई... म्हणजे हाये, पण तसं नाई... म्हणजे आवाज चांगलाच हाये, पण थोडासा... कसं सांगू... माणसाले जागं ठेवते."

म्हणलं, "टोचते का नाई, एका शब्दात!"

"एका शब्दात सांगाचं म्हणजे बाई, आता तुमच्यासारखी जाणकार बाई... थोडंसं... हो."

म्हणलं, वा! म्हणजे दोघं ठरवून आले! मास्तर, माहे हे स्पीकर नऊ जणायनं लावले. नऊ! ह्या प्रफुल्लले सोडा, बाकी आठ जणायपैकी एकानंही तोंड उघडलं का? चैतू काही म्हणला का? मुखरू काही म्हणला का? एकाची तक्रार नाई! तं मंग माहे कान गेले का तुमचे दोघायचे गेले?

हे आयकून मास्तर भिंतीकडे पाहाले लागले. आता माह्या भिंतीवर काय हाये? फळी हाये. अन् फळीवर त्या नवापैकी चार डब्बे ठेवले होते, कोणाची वायर तुटली होती, कोणाचं बटन ढिल्लं झालं होतं, असं किरकोळ कामाले आलेले. मीही पाह्यलं. रोजच पाहतो आपण एखादी गोष्ट, पण दिसत नाई, होते ना तसं? चारही डब्ब्यायच्या तोंडाले टॉवेल गुंडाळलेला. चैतूच्याले दोन घड्या करून, सुतळीनं बांधून. मुखरूच्याले तं चक्क उशी! उशी बांधली होती हो, फुलाच्या खोळीची!

मले चैतू म्हणला होता, "बाई, धूळ लय हाये आमच्याकडे, कोळशाची." मुखरू म्हणला होता, "बाई, रस्ते खराब हायेत, हादरे बसतात." अन् मी काय म्हणलं असंन? मी म्हणलं, शाब्बास! सामानाची काळजी घ्यावी तं अशी! दुसऱ्यायले त्यायचं उदाहरण देल्लं मी!

म्हणलं, "मास्तर, ह्या डब्ब्याले टॉवेल काऊन गुंडाळला?"

"धूळ..." मास्तर म्हणाले.

"मास्तर."

"वाजवतानाही काढत नाई ते, बाई," मास्तर म्हणाले, एकदम हळू. "टॉवेलावरूनच वाजवतात. मुखरूचा तं उशीतूनच बरा येते म्हणते. बारीक आवाजाचं बटन तं साऱ्यायचं शून्यावर हाये, पाहा पाहिजे तं."

मी उठली, पाह्यलं. पहिल्याचं शून्य. दुसऱ्याचं शून्य. तिसऱ्याचं बटनच शून्यावर ठेवून वरून चिकटपट्टी लावलेली, का चुकून फिराले नोको. चौथ्याचं पाह्यलंच नाई मी.

"अन् मले कोणी सांगितलं काऊन नाई?"

"तुम्हाले कोण सांगन बाई?" मास्तर म्हणाले. "लटारूनं मागच्या साली एवढंच म्हणलं का जोड जरा कच्चा वाटते, तं तुम्ही त्याच्या डब्ब्याचा एकेक पेच खोलला, सारा डब्बा थैलीत भरला अन् त्याच्या हातात देऊन म्हणलं, जाय, पक्का करून घे! तो बिचारा अजून त्यातले दोन पेच शोधून राह्यला."

हो, म्हणलं होतं मी तसं. जोड कच्चा नव्हता. पण तुम्हाले सांगते, हसाले आलं नाई मले तवा. आता येते थोडं, तवा नाई आलं. कारण टॉवेल काही खोटं बोलत नाई ना? माणसं भ्याली म्हणून गप्प राह्यली हे समजते. पण उशी बांधतात म्हणजे काही तरी हाये. काही तरी त्यायले आयकू येते, जे मले...

नाई, नाई. माह्या कानाले काही झालं नाई. मी घरात हाक मारली. म्हणलं, माही सून हाये, रीता, तिले बोलावते. ती खरं सांगन, तिच्या बापानं सुद्धा तिले खोटं बोलाले शिकवलं नाई, लग्नाच्या वक्तीच सांगून गेला होता का पोरीले तोंड हाये. रीता हात पुसत आली. म्हणलं, "रीता, सांग ह्यायले, तू रोज माह्याजवळ राहतं, मले आयकू येते का नाई?"

तं ती खाली पाहाले लागली. रीता! खाली!

"आई, रागवाल नाई तं सांगू?"

"मी कधी रागवली?"

तं तिघंही जण एकाच वक्ती भिंतीकडे पाहाले लागले. अशी चिड आली मले त्या भिंतीची!

"आई," रीता म्हणे, "रातकिडे हायेत."

"काय?"

"तुम्ही दोन वर्षं झाली, आल्यागेल्याले सांगता ना, का जंगल कटलं, धानावर औषधं फवारली, म्हणून रातकिडे संपले, आता पहिल्यासारखी किरकिर राह्यली नाई... हायेत ते, आई. लय हायेत. तुम्ही शेजारच्या अंजनाबाईले ओसरीवर बसून सांगत होत्या ना का एक रातकिडा नाई राह्यला, तवाही ते किरकिरून राह्यले होते. अंजनाबाई माह्याकडे पाहात होत्या. मी खुणेनं म्हणलं, राहू द्या."

आता बोला! मी त्या रातकिड्यायपायी वनखात्याच्या माणसाशी भांडली होती! बसस्टॉपवर, लोकं जमवून! म्हणलं, तुम्ही लोकायनं जंगल खाल्लं, आमचे रातकिडे कुठी गेले, आणून द्या! अन् तो भला माणूस, नुसता हात जोडून "हो बाई, हो बाई" करत होता... त्याच्या मागच्याच झुडपात असतील ना हो रातकिडे! त्यालेही आयकू येत असतील! साऱ्या बसस्टॉपले आयकू येत असतील!

तरी तुम्हाले सांगते, मी मानली नाई. रातकिडे वेगळे अन् स्पीकर वेगळा. म्हणलं, ते काही नाई, कोंडा नोको, डोळे नोको, आता मी कान लावूनच आयकते. प्रफुल्ल, गिटार ठेव खाली. नुसता डब्बा चालू कर, बारीक आवाजाचं बटन पुरं वर कर, मी सांगते काय टोचते अन् काय नाई. त्यानं बटन फिरवलं. आता ह्या त्याच्या डब्ब्याचा लाल दिवा कवाचाच गेलेला, चालू हाये का बंद, पाहून समजत नाई. मी कोंडा झटकला, जाळी परत बसवली, डब्बा उभा केला, खुर्ची ओढली, जाळीपाशी कान नेला. म्हणलं, "कर चालू."

प्रफुल्लनं मास्तरकडे पाह्यलं.

"अरे कर ना चालू, का मुहूर्त पाहून राह्यला?"

तं दारातलं कुत्रं उठलं, कान पाडले, अन् चाललं रस्त्यापलीकडे. मले वाटत होतं प्रफुल्ल आला का हे कुत्रं उठून जाते, ह्याच्या अंगाले काही वास येत असंन. रीतानं एक बोट कानात घातलं होतं. मास्तरनं डोळे मिटले होते, दाताच्या डॉक्टरपाशी बसल्यासारखे.

"बाई," प्रफुल्ल म्हणे. "चालू हाये. मघापासून. सूं... करून राह्यला. लय जोरात."

मी जाळीले कान टेकवला. थंड होती जाळी. दुसरा कान टेकवला. तीही बाजू थंडच. बस, एवढंच आलं मले. थंडपणा.

तुम्ही असे पाहू नका माह्याकडे. मी सांगून राह्यली ना सारं, मंग?

अन् मंग मले कोंड्याचं आठवलं. म्हणजे आठवाचं काय, मालूमच होतं. जाड आवाजाले स्पीकरचा कागद मोठा हालते, कोंडा उडते, नाचते. बारीक आवाजाले कागद इतकासा, केसाएवढा हालते, त्याले कोंडा जागचा हालत नाई. हे मले काल समजलं का? पहिल्या दिवसापासून मालूम होतं! मीच सांगत होती लोकायले, का कोंड्यानं फक्त घासणं-चिरणं समजते, आवाजाची चव कानानंच घ्या लागते. पहिले मी कोंडा पेरत होती अन् मंग अर्धा घंटा डोळे मिटून आयकत होती, हात लावू देत नव्हती कोणाले. मंग कवा मी आयकणं सोडलं अन् नुसता कोंडाच ठेवला? कवा? मले तारीख सांगता येत नाई. कोणी येऊन कानाचं दुकान बंद करून जाते का एका दिवशी? आपण आपले म्हणत राहतो, कोंडा चांगला नाचला, कोंडा चांगला नाचला... अन् लोकं टाळ्या वाजवत राह्यले. त्या मोबाईलवाल्या शाळामास्तरनंही टाळ्या वाजवल्या! अन् बाजारातल्या एवढ्या स्पीकरायतून मी नेमका तो निवडला, जो साऱ्यायले टोचते, का तर फक्त तोच मले थोडा स्पष्ट वाटला. थोडासा. लोणी म्हणे! लोणी!

माह्या कानाले काही... जाऊ द्या.

बरं, इथवर ठीक होतं. माणूस म्हातारं होते, डोळ्यात मोतीबिंदू पडते, गुडघा वाजते, मीही सहन केलं असतं. पण मंग काय झालं, ते आयका, खरं तं तेच सांगाचं होतं. मले वाटलं, आता हा प्रफुल्ल बोलंन, पाहा बाई, मी म्हणलं नव्हतं? बोललाच पाहिजे! अर्धा घंटा भांडून जितला हाये लेकाचा! अन् मीही तयार होती, म्हणलं बोलू दे, मंग मीही काढते ह्याच्या बोटायच्या चुका, त्या तं मले दिसतात! तं ह्यानं काय केलं? त्यानं डब्बा बंद केला. असा हळूच बंद केला, जसं घरात कोणी झोपलं हाये. मले म्हणे, "जाऊ द्या बाई. लोणीच हाये. मीच जास्त बोललो. मी लावून घेतो टॉवेल."

अन् मास्तर! मास्तर टोपी घालून म्हणे, "हो, हो, बाई, टॉवेल लावला का छानच वाटते. मी ठेवतो ह्याले कंपनीत, तुम्ही नोका जीव जाळू. मी जुळवून घेतो."

पाह्यलं? आदल्या दिवशी ज्याची जागा गेली होती, त्याले जागा परत भेटली! कशापायी? त्याच्या हातापायी नाई, गिटारीपायी नाई, म्हातारीच्या दयेपायी! अन् तीही टॉवेल लावून वाजवाची जागा! मास्तर माह्यापाशी कवाच आपल्या बोलण्यावर ठरला नाई, त्याचं सोडा. पण प्रफुल्ल? जो माह्या तोंडावर म्हणला, तुमचे कान गेले... नऊ जणायत तो एकटा म्हणला, बाकी आठ जणायनं उशा बांधल्या... तो आता डब्बा बगलेत मारून, मान खाली घालून, दबक्या पायानं चालला, जसं तेराव्याच्या घरून चालला हाये! अन् रीता त्याच्यासाठी दार धरून उभी! तुम्हाले सांगते, कान गेले ह्याचं मले इतकं लागलं नाई. पण माह्याशी भांडणारा शेवटचा माणूस टॉवेल शोधाले चालला, हे मले पाह्यल्या गेलं नाई. उद्या मी ह्या दुकानात काहीही लावंन, भोंग्याच्या जागी टोपलं लावंन, अन् सारे म्हणतील, वा बाई, लोणी!

मी पेचकस उचलला. टेबलावर आपटला. तिघंही थांबले. प्रफुल्लले वाटलं आता लटारूसारखी थैली भेटते, त्यानं डब्बा अजून घट्ट धरला. "बाई, मी म्हणलं ना, जाऊ द्या..." मी म्हणलं, चूप. अन् मंग मी म्हणलं, एका दमात म्हणलं, नाई तं म्हणता आलं नसतं...

"बस खाली, अन् ते नवही डब्बे टॉवेल सोडून माह्यापाशी आण, स्पीकर मी बदलते, बारीक आवाज तू आयकजो, अन् टोचला का मले तोंडावर सांगजो... पण हळू सांगजो, बाहेर लोकायले आयकू जाईन."